वीतभर लीड

चार केबली आखूड कापल्या गेल्या होत्या. बोटभर असत्या तर माणूस म्हणतो, जाऊ दे, भागून जाईल. ह्या चांगल्या वीतभर आखूड होत्या. सौंसरच्या बाहेर पांढुर्ण्याच्या रोडवर गुणवंताची संत्री भरायची शेड आहे, त्या शेडच्या फरशीवर आठ केबली शेजारी शेजारी पसरून पुष्पा सोमकुवर गुडघ्यांवर बसली होती. कालच्या चार एका रेषेत संपत होत्या, आजच्या चार दुसऱ्या रेषेत, आणि मधात वीतभर रिकामी फरशी.

तिनं एकीकडची टोकं पुन्हा जुळवली. पुन्हा तेच. डोळ्यांना दिसून राहिलं तरी हात ऐकत नाहीत माणसाचे. तिसऱ्यांदा जुळवून झाल्यावर ती उठली आणि शेडचं दार आतून लावून घेतलं, जसं काही दार लावलं की केबल लांब होणार होती.

रीळ संपलं होतं. ही केबल बाहेरदेशातून आलेली, नागपूरच्या कंपनीनं मोजून दिलेली. अशी दुसरी मागवायची म्हटलं तर होळी उजाडली असती, आणि पांढुर्ण्याच्या टेकडीवर टीव्हीचा नवा टॉवर तर दिवाळीला चालू व्हायचा होता. गावात लोकांनी सेट आणून ठेवले होते, सेटवर भरतकामाचे रुमाल घालून ठेवले होते.

पुष्पाच्या डोक्यात मात्र टॉवर नव्हता की दिवाळी नव्हती. तिच्या डोक्यात उद्याचा दसरा होता. दसऱ्याला सोमकुवरांचं घर दरसाल नागपूरला दीक्षाभूमीवर जातं, सौंसरच्या स्टँडवरून पहिल्या बसनं. यंदा तिथं पाव्हणे भेटणार होते. मुलगा उमरेडकडचा, शाळामास्तर, नाव ठेवायला जागा नाही. तिचे बाबा दादाराव नगरपालिकेत शिपाई. त्यांनी तिला साफच सांगितलं होतं, "पोरी, त्या कंपनीनं तुले पक्की घेतली तं मी पाव्हण्याईले थांबा म्हणतो. नाही घेतली तं कोणत्या तोंडानं थांबा म्हणू?"

बाबांचं तरी काय चुकत होतं? पोरीला नागपूरला मावशीकडे ठेवून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करू दिला, वर आणखी गुणवंताच्या शेडमध्ये कामाला जाऊ दिलं, मोहल्ल्यानं दहा तोंडांनी बोलणं ऐकलं. माणूस कळ काढून काढून किती काढेल? आणि कालच नागपूरच्या कंपनीचे काळबांडे साहेब तिला म्हणाले होते, "उद्या आठही केबली जुळल्या, की सोमवारपासून तू माझ्या वर्कशॉपमध्ये." काल रात्री तिला आनंदानं जेवण गेलं नव्हतं.

आता ह्या केबली टेपनं मोजून का कापल्या नाहीत, असं कोणीही विचारेल. गुणवंतानंही विचारलं होतं. हा गुणवंता म्हणजे पुंडलिकरावांचा मुलगा, बापाच्या संत्र्याच्या शेडमध्ये घरांवरचे टीव्हीचे अँटेने बनवता बनवता ह्या कामापर्यंत पोचलेला. काळबांडे साहेबांनी त्याला समजावलं ते असं. टॉवरवर अँटेन्याच्या आठ फळ्या लागतात, प्रत्येक फळीला एक केबल. सिग्नल आठी फळ्यांवर एकाच क्षणी पोचला पाहिजे. भजनात आठ टाळकरी असावे आणि चौघांचा टाळ मागं पडावा, मग भजनाचा कसा विचका होतो? टीव्हीचंही तसंच. चार फळ्या उशिरा बोलल्या की चित्र गावावर न पडता आभाळात जातं. आणि टेपनं अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन केबलींतून सिग्नल सारख्याच वेळात जाईल असं नसतं, बोट दोन बोटांचा फरक निघतोच. म्हणून मोजायचा तो सिग्नलला लागणारा वेळ. त्यासाठी कंपनीची मशीन आली होती, नेटवर्क अॅनालायझर. नाव तोंडात मावत नाही म्हणून शेडमध्ये सगळे तिला मशीनच म्हणत. दोन माणसांनी उचलावी एवढी जड, जीपमध्ये गादीवर निजवून आणलेली.

मशीनपासून कामाच्या टेबलापर्यंत मशीनची स्वतःची एक केबल येते. तिला म्हणायचं लीड. सिग्नलला त्या लीडमधून जायलाही वेळ लागतोच ना. तो वेळ मशीनला आधी सांगून ठेवावा लागतो, नाहीतर मशीन लीडचा उशीर आपल्या केबलीच्या नावावर मांडते. सांगायची रीत अशी, की लीडच्या टोकावर एक छोटी सोनेरी टोपी बसवायची. साहेब तिला शॉर्ट म्हणत, बाकी सगळे टोपी. टोपी बसली की मशीनच्या पडद्यावर हिरवी रेघ गोल गोल गुंडाळलेली दिसते, जिलेबीसारखी. मग डिलेचं बटन हळूहळू फिरवायचं. जिलेबी उलगडते, आखडते, आखडत आखडत शेवटी एका जागी नुसता ठिपका उरतो. ठिपका झाला म्हणजे मशीनला कळलं, आपली वेस लीडच्या टोकाशी आहे, आता मोजायचं ते वेशीच्या पुढचं. काल पुष्पाच्या हातून पहिल्यांदा ठिपका जमला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

आणि साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "कापायच्या आधी टोपी. दर वेळी. टेबलाला धक्का लागला तरी टोपी, तू चहा पिऊन आलीस तरी टोपी." काल तिनं तसंच केलं. चार केबली कापल्या, साहेबांनी स्वतः पाहिल्या, मान हलवली आणि टॉवरचं काम बघायला पांढुर्ण्याला निघून गेले. मशीन रात्रभर चालूच ठेवायला सांगितली. आज दुपारी येऊन आठी केबली तपासून ते घेऊन जाणार होते.

मग आज टोपी काहून लावली नाही? हेच तर सांगायचं आहे.

आज नवमी होती. गुणवंताच्या घरी नवमीला सगळ्या अवजारांची पूजा होते. वखर, तिफण, विहिरीवरचं इंजिन, संत्र्याची कात्री, सगळं धुऊनपुसून मांडतात. यंदा घरात मशीन आलेली. गुणवंताची आई अंबाबाई, ती मशीनला विसरते होय? सकाळी पुष्पा शेडच्या दारात आली तेव्हा अंबाबाई हातात घंटी घेऊन आडव्या उभ्या होत्या.

"बस वं माय, जरा सावलीत बस," त्या म्हणाल्या. "पूजा होऊन राहिली."

आणि स्वतः आतून खुर्ची आणून त्यांनी झाडाखाली ठेवली. बाई वाईट नव्हत्या. पुष्पाला वांगी द्यायच्या, तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायच्या. आत येऊ नको असं त्यांनी म्हटलं नाही. आजकाल कोणी तसं म्हणतही नाही. खुर्ची देतात.

पुष्पा बसली. पूजेशी तिला काही घेणंदेणं नव्हतं, तिच्या घरात पंचशील म्हणतात, पण त्या शेडमध्ये तिची मशीन होती आणि ती बाहेर होती. आतून घंटी वाजत राहिली. बऱ्याच वेळानं गुणवंता बाहेर आला, कपाळाला टिळा, घाईत. "जा, लाग कामाले," म्हणाला, मोटरसायकलला किक मारली आणि ट्रॅक्टरची पूजा करायला शेताकडे निघून गेला.

आत आल्यावर तिला दिसलं, मशीन वळवली होती. तोंड पूर्वेला. पूजेला बसवलेली वस्तू दक्षिणेकडे तोंड करून कशी चालेल? वर पिवळा कपडा पांघरला होता, झेंडूचा हार घातला होता. लीडचं टोक मात्र टेबलावर नेहमीच्याच जागी होतं. पुष्पानं मनात म्हटलं, मशीन वळली म्हणून लीडची लांबी थोडीच बदलते. विचार बरोबरच होता. तरी साहेबांचं बोलणं कानात होतं, म्हणून तिनं टोपी शोधली.

टोपी ताटात होती. मशीनच्या पुढ्यात पितळेचं मोठं ताट, त्यात हळदकुंकू, अक्षता, खोबऱ्याची वाटी, विड्याचं पान आणि पानावर ती सोनेरी टोपी. सोन्यासारखी चमकते म्हणून अंबाबाईंनी तिलाही पूजलं होतं. वर कुंकवाचं बोट.

"ताट संध्याकाळच्या आरतीपर्यंत हलवजो नको हं," दारातून अंबाबाई म्हणाल्या आणि घरात पुरणाकडे गेल्या.

पुष्पाचा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता, पार ताटाच्या काठापर्यंत. तिथं तो थांबला. आता हे कोणाला समजावून सांगावं? ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही. ती मागच्या दारापर्यंत गेली, "काकू" अशी एक हाक मारली, ती हाकही अशी की आपल्यालाच ऐकू यावी. आत भांडी वाजत होती. पुन्हा हाक मारून म्हणायचं काय? माझ्या कामाची वस्तू तुमच्या ताटात आहे, तेवढी मला वाढा? तिच्या कानशिलात रक्त चढलं. नाहीच मागत, ती म्हणाली. कालचा ठिपका आहे ना. लीड तीच आहे. आणि तिनं कटर उचललं.

चार केबली कापून, टोकांना कनेक्टर बसवून झाल्यावर, आठींचं एक वेटोळं करावं म्हणून तिनं त्या फरशीवर पसरल्या. पुढचं सांगितलंच आहे.

दार लावून घेतल्यावर तिनं मशीनवरचा पिवळा कपडा उचलला. मागच्या बाजूला, जिथून लीड निघते तिथं, लीडला आणखी एक तुकडा जोडलेला होता. वीतभर. मशीन पूर्वेला वळवल्यावर लीड टेबलापर्यंत पोचत नसणार, मग गुणवंतानं मशीनच्या खोक्यातला एक तुकडा लावून ती पोचवली असणार, आणि वर हार घालून विसरून गेला असणार. मशीनला बिचारीला काय माहीत? तिनं तो वीतभर उशीर पुष्पाच्या प्रत्येक केबलीच्या नावावर मांडला, आणि पुष्पानं प्रत्येक केबलीतून वीत वीत कापून टाकली.

ती स्टुलावर बसली. मग उठली. कापलेले तुकडे टेबलाखाली पडले होते, ते गोळा केले, पुन्हा खाली टाकले. जोड द्यावा? कनेक्टर शिल्लक नाहीत, आणि टॉवरवर जोड म्हणजे पावसाला आमंत्रण. कालच्या चारही वीत वीत कापून आठी सारख्या कराव्या? मग टॉवरवर फळ्यांपर्यंत पोचल्या नाहीत तर? आज चार वाया गेल्या आहेत, मग आठी जातील. तिला वाटलं, लाईट जावी, मशीन जळावी, शेडला आग लागावी, काहीही व्हावं ज्यात आपला हात नाही. उद्या दीक्षाभूमीवर बाबा पाव्हण्यांपुढे हात जोडून उभे राहतील आणि हो म्हणतील. आणि त्यांच्याकडे बघून तिलाही हो म्हणावं लागेल. ती रडली नाही. रडायला तरी थोडी आशा लागते.

मोटरसायकल वाजली. गुणवंतानं दार ढकललं, मग ठोकलं. तिनं कडी काढली. त्यानं फरशीवर पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग कपडा उचललेल्या मशीनकडे पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

"तुकडा," तो म्हणाला.

"मले सांगतलं काहून नाही, भाऊ?"

"ध्यानातून गेलं ना. आईची घाई, ट्रॅक्टरची घाई." तो खाली बसून केबलींची टोकं चाचपू लागला, तीही तशीच पुन्हा पुन्हा. मग हळू आवाजात म्हणाला, "पण तू टोपी लावून काहून नाही पाहिली? साहेब कालपासून टोपी टोपी करून राहिले."

"टोपी ताटात होती."

"मंग?"

अंबाबाई मागच्या दारातून आल्या होत्या. त्यांनी अर्धंच ऐकलं, पण तेवढं पुरे झालं. "मंग उचलाची होती ना, पोरी," त्या म्हणाल्या. "मी काय तुले नाही म्हतलं होतं?"

खरंच नव्हतं म्हटलं. पुष्पानं सकाळपासूनचा एकेक शब्द आठवून पाहिला. बस सावलीत. पूजा होऊन राहिली. ताट हलवजो नको. टोपीचं नाव नव्हतं त्यात. ती ताट न हलवता टोपी उचलू शकली असती. मग काय सगळं आपल्याच मनात होतं? आपणच आपल्या हाताला धरून ठेवलं? ह्या विचारानं ती जी खचली, ती केबलींनीही खचली नव्हती.

गुणवंतानं आईला आत पाठवलं आणि तो पुष्पाच्या जवळ आला. मान खाली. "पुष्पा, ऐक. लीडले हात लावाचा नाही, हे साहेबानं मले दहादा सांगतलं होतं. मी लावला असं समजलं तं ह्या शेडमध्ये कंपनीचं काम पुन्हा येनार नाही. तू म्हन, तुकडा तूच लावला."

"अन् माझं?"

"तुझं तं लग्न होऊनच राहिलं," तो म्हणाला. आणि तो हे दुष्टपणानं म्हणाला नाही, त्याला खरंच वाटत होतं की तिची सोय लागलेलीच आहे.

बाहेर जीप थांबली.

काळबांडे साहेब आत आले ते हसत आले. मग त्यांची नजर फरशीवर गेली. ते खाली वाकून टोकांकडे पाहू लागले. गुणवंताच पुढे झाला. "साहेब, पोरीनं घाई केली जी."

"घाई केली," पुष्पा म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला. "टोपी न लावता कापलं मी. पण साहेब, तुकडा मी नाही लावला. पूजेले मशीन फिरवली तेव्हा लीडले वीतभर जोड लागला. मी तेव्हा बाहेर बसली होती."

गुणवंता जमिनीकडे पाहू लागला. साहेबांनी मशीनमागं वाकून तुकडा पाहिला आणि गुणवंताकडे अशी नजर टाकली की त्याला उत्तर द्यायची गरज उरली नाही. मग ते पुष्पाकडे वळले.

"ते त्यांचं झालं. तुझं सांग. टोपी लावली असतीस तर एका मिनिटात कळलं असतं."

"हो."

"मग का नाही लावलीस?"

"ताटात होती."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. मशीनच्या पुढ्यात, हात लांब केला की लागेल एवढ्यावर. त्यांना खरंच कळत नव्हतं. "हे इथं? मग घ्यायची. पुष्पा, मला कारण पाहिजे. चूक कोणाकडूनही होते. पण कारणच नसेल तर उद्या नागपूरला लाखाचं काम मी कोणत्या भरवशावर तुझ्या हातात देऊ?"

अंबाबाई पुन्हा दारात येऊन उभ्या होत्या, साहेब आले म्हणून हातात पाण्याचा तांब्या. त्यांच्या समोर काय सांगणार होती पुष्पा? सगळं हातचं गेलं होतं. शब्द तर सापडतच नव्हता, आणि सापडला असता तरी त्याला पुरावा नव्हता.

ती ताटापाशी गेली आणि टोपी उचलली. पानावरून, अक्षतांमधून. ओढणीच्या टोकानं कुंकू पुसलं, टोपी लीडच्या टोकावर बसवली आणि डिलेचं बटन धरलं. पडद्यावर जिलेबी होती. तिनं बटन फिरवलं. जिलेबी आखडत आखडत ठिपक्यावर आली. आधीच्या आणि आताच्या आकड्यात फरक होता, बरोबर एका वितीचा.

"कालच्या चारबी एवढ्याच कापल्या तं आठी सारख्या होतील," ती म्हणाली. "पण वरपर्यंत पोचतील का, ते तुमालेच माहीत."

तेवढ्यात अंबाबाई आत आल्या. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी ताट उचललं, संध्याकाळच्या आरतीपर्यंत हलवायचं नव्हतं तेच ताट, आणि मागच्या दारानं बाहेर नेलं. मग बोरिंगच्या हापशाचा दांडा वाजायला लागला. पाणी पडल्याचा आवाज आला. मग राखेनं पितळ घासल्याचा, जोरजोरानं, काठाकाठानं. मग पुन्हा दांडा.

साहेब उभ्याचे उभे ऐकत राहिले. गुणवंता "आई" म्हणून हाक मारायला निघाला आणि दारातच थांबला. घासणं थांबत नव्हतं. ताट एवढं मळलेलं नव्हतं.

टोपी का लावली नाही, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"वर दीड वीत ढिली सोडली आहे मी," साहेब म्हणाले. "ताणून पोचतील. काप."

साहेबांनी तुकडा काढून मशीन पुन्हा जुन्या जागी वळवली. पुष्पानं टोपी लावली, ठिपका केला. मग कालच्या चार चांगल्या केबली एकेक करून घेतल्या, ज्यांच्याकडे पाहून काल तिला जेवण गेलं नव्हतं. पहिलीवर कटर चालवलं. चांगली वस्तू वाईट वस्तूच्या मापानं तोडायची, ह्यापेक्षा वाईट काम नसतं. गुणवंता न सांगता तिच्या शेजारी बसला आणि कापलेल्या टोकांवरचे जुने कनेक्टर सोडवून तिच्या हातात देत राहिला. आठही केबलींचा ठिपका एकाच आकड्यावर आला तेव्हा कोणी आनंद केला नाही.

साहेब मशीन आवरता आवरता म्हणाले, "चूक तुझीच आहे तरी."

"हो."

"नागपूरलाही नवमीला मशीनची पूजा होते. तिथंही ताट असतं, तिथंही काकू असतात. तेव्हा काय करशील?"

पुष्पानं हातातल्या टोपीकडे पाहिलं. "पूजेच्या आधी टोपी खिशात घालीन," ती म्हणाली. "मंग होऊ द्या पूजा."

साहेबांनी मान हलवली. "सोमवारी ये. पण कटर काही दिवस तुझ्या हातात मिळणार नाही. नुसतं मोजायचं." ती हो म्हणाली. तिला वाटलं होतं असं काही ऐकलं की आपण रडू, पण डोळे कोरडेच राहिले.

साहेब निघाले तेव्हा अंबाबाई लखलखीत ताट घेऊन आल्या. नव्यानं हळदकुंकू, नव्यानं खोबरं फोडून साखर घातलेली. पूजेच्या घरातून माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये. साहेबांच्या तळहातावर त्यांनी खोबरं ठेवलं, त्यांची बोटं साहेबांच्या हाताला लागली. मग त्या पुष्पाकडे वळल्या, चिमूट भरली आणि वरून सोडायला हात उंच केला.

"काकू," पुष्पा म्हणाली, "ताट पुढं करा. मी उचलते."

अंबाबाईंचा हात तसाच वर राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय करावं हेच त्यांना कळत नव्हतं, एवढ्या वयात त्यांना कोणी असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी गुणवंताकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. कोणी त्यांच्या मदतीला आलं नाही.

पुष्पा थांबली होती, हात पुढे करून.

ताट पुढे आलं नाही. मग तिनं हात खाली घेतला, आठ केबलींचं वेटोळं खांद्यावर चढवलं आणि जीपकडे निघाली.